तिसरं पाणी

आमच्या मूलदाब मॅडमनी कुणाला कधी "बरा आहेस ना?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. कुठून निघालं? कशातून गेलं? कुठं साठलं? प्रश्न खरं तर झाडांचे. मातीतलं पाणी पानापर्यंत कसं चढतं आणि पानात तयार झालेली साखर मुळापर्यंत कशी उतरते, हे शिकवताना विचारायचे. पण मॅडम ते कशालाही लावत. मागच्या बाकावर कुणी डबा उघडला आणि लोणच्याचा वास पुढं आला, की फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारत, "कुठून निघालं?" सगळ्या माना चोराकडे वळत. "कशातून आलं?" कुणीतरी पुटपुटे, "हवेतून, मॅडम." "आणि कुठं साठलं?" याचं उत्तर त्या स्वतःच देत. "माझ्या डोक्यात," असं म्हणून त्या वळत, आणि मग त्या डबेवाल्याचं काही खरं नसे.

सेलूच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकलो, तिथं त्या जीवशास्त्र शिकवत. काळ्यासावळ्या, काटक, केसांना चप्प तेल, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत बहुतेक वेळा एक बटाटा. सकाळच्या पहिल्या तासाला कधी कधी आम्हाला मैदानाच्या कडेला नेत आणि गवताच्या पात्यांच्या टोकांवरचे थेंब दाखवत. "याला दव म्हणणारा बारावीत नापास होतो. हे आतून आलेलं पाणी आहे. मुळांनी खालून रेटलं म्हणून वर आलं. या रेट्याला मूलदाब म्हणतात. माणसाचंही तसंच आहे. रेटा बसल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही." आणि लगेच कुणाला तरी उभं करून रेटा सुरू. तेव्हापासून त्यांचं नाव मूलदाब मॅडम. नाव कुणी ठेवलं हे त्यांनी कधी शोधलं नाही, नाहीतर तीन प्रश्नांत शोधलं असतं. ते मीच ठेवलं होतं.

कारण माझं नाव त्यांनी आधी घालवलं होतं. मी परसराम. अकरावीचा पहिला आठवडा. हजेरी घेता घेता मॅडम माझ्या नावापाशी थांबल्या, चष्म्यावरून पाहिलं. टेबलावर एक कोरलेला बटाटा बशीतल्या पाण्यात बसवलेला होता. कोरलेल्या खड्ड्यात त्यांनी तासाच्या सुरुवातीला कोरडी साखर घातली होती, आणि आता तिथं पाणी जमलं होतं.

"परसराम. आज आपला विषय परासरण आहे. सांग, बटाट्याला भोक नाही, मग आत पाणी कसं आलं?"

मी उभा राहिलो. आमच्या घरी कुणी अकरावीपर्यंत पोचलेलं नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं, पण गप्प बसायचं धैर्यही नव्हतं. म्हणालो, "साखरेले तहान लागते मॅडम, म्हणून ते पाणी ओढते."

वर्गात हशा फुटला. मॅडम हसल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "साखरेला तहान लागते. आणि मिठाला काय लागतं रे, झोप?" मग समजावून सांगितलं, की पेशीला एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी जातं, साखर जात नाही. म्हणून पाणी पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे सरकतं, तहानेचा काही संबंध नाही. हे सगळं सांगून झाल्यावर माझ्याकडे बोट केलं. "बस खाली, परासरण."

तेव्हापासून मी परासरण. सेलूत आजही नव्या माणसानं परसरामचं घर विचारलं तर लोक डोकं खाजवतात, परासरणचं विचारलं तर दारापर्यंत आणून सोडतात. माझ्या वरातीत मित्र "परासरण, परासरण" ओरडत नाचले. सासऱ्यांना वाटलं, कुलदैवताचा जयजयकार चालला आहे. तेही हात जोडून उभे राहिले.

प्रयोगशाळेत मॅडमचा कायदा एकच. कुठलंही भांडं तीन पाण्यांनी धुवायचं. परीक्षानळी असो, चंचुपात्र असो, नाहीतर त्यांचा चहाचा कप. "पहिलं पाणी दिसणाऱ्या घाणीसाठी. दुसरं वासासाठी. आणि तिसरं?" इथं त्या सगळ्या वर्गावरून नजर फिरवत. "तिसरं त्याच्यासाठी, जे दिसत नाही, ज्याचा वास येत नाही, पण असतं."

बारावीच्या प्रात्यक्षिकाला मी दोनच पाणी दिली. घाई होती, आणि नळी मला स्वच्छ दिसत होती. द्रावणाचा रंग भलताच आला. बाहेरगावचे परीक्षक भले होते, पाहून न पाहिल्यासारखं करून पुढं निघाले होते. मॅडम पुढं आल्या. नळी खिडकीच्या उजेडात धरली.

"किती पाणी दिली?"

"तीन, मॅडम."

"खोटं बोलून राह्यला. दोन." चिडल्या की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडायची आणि घरची वऱ्हाडी वर यायची. "सर, कापा याचे मार्क. पाण्यासाठी नाई, खोट्यासाठी."

मार्क कापले गेले. कृषी महाविद्यालयाच्या यादीत माझं नाव आलं नाही. दोन मार्कांनी हुकलं, आणि ते दोन मार्क मूलदाबनं खाल्ले, असं मी पुढं आयुष्यभर सांगत आलो. बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, दुकानात बसणाऱ्यांना सांगितलं. आता खरं लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. दोन मार्कांनी नव्हतं हुकलं. चौदा मार्कांनी हुकलं होतं.

मी पदविका केली आणि सेलूत कृषी केंद्र टाकलं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. मॅडम निवृत्त झाल्या आणि माझ्या गिऱ्हाईक झाल्या. त्यांच्या वडिलांची दीड एकर जमीन होती. त्यातल्या अर्ध्या एकरात त्या एका जुन्या वाणाची पऱ्हाटी लावत. हल्लीच्या कापसासारखं तिचं बी बाजारात मिळत नाही. वडिलांनी ते घरात जपलं होतं, वडिलांमागं मॅडमनी. दरवर्षी लावायचं, दरवर्षी बी धरायचं, थोडं मागणाऱ्यांना द्यायचं. एक वर्ष चुकलं तर पुढच्या वर्षी उगवण कमी, दोन वर्षं चुकली तर संपलंच. मॅडमना लग्न, मूलबाळ काही नव्हतं. हे बी होतं.

शेतातलं काम झिंगूजी पाहत असे. गोंड माणूस, आष्टीकडच्या जंगलालगतच्या गावचा. बायकोशी त्यांच्या भाषेत बोले, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि मॅडमशी बहुतेक बोलतच नसे. फवारणीत त्याच्यासारखा हात आमच्या भागात नव्हता. वारा बघून उभा राही, नोझल गुडघ्याच्या उंचीवर धरी. आसपासचे चार-पाच जण फवारणीला त्यालाच बोलावत. सगळं गाव त्याला झिंगू म्हणे. मॅडम एकट्याच झिंगूजी म्हणत, आणि समोरच्यानं झिंगू म्हटलं की त्याच्या वाक्याच्या मधेच "जी" घालत.

मॅडम दुकानात आल्या की माझी परीक्षा सुरू होई. काउंटरवरची बाटली उचलून लेबल वाचत. "आंतरप्रवाही. म्हणजे काय रे, परासरण?" मी म्हणे, झाडाच्या आत शिरून वाहत जातं ते. "कशातून वाहते? पाण्याच्या नळीतून का साखरेच्या?" गिऱ्हाइकांना मजा वाटे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. वय पन्नासाकडे झुकलेलं, दोन मुलं बाहेर शिकायला, दुकानावर माझ्या नावाची पाटी, आणि ही बाई मला अजून बाकावर उभं करते आहे. मॅडमबद्दल मला माया होती असं मी आज म्हणू शकतो. तेव्हा नव्हती. तेव्हा फक्त राग होता, आणि तो मी हसून गिळत होतो.

चार वर्षांपूर्वीचा श्रावण. पऱ्हाटीवर मावा पडला होता. मॅडमना निंबोळी अर्क फवारायचा होता आणि त्यांच्या पंपाचं वॉशर गेलं होतं. त्या झिंगूजींना घेऊन दुकानात आल्या. मी एका शेतकऱ्याला एक औषध समजावून सांगत होतो. "पानावर मारा, पण हे मुळातून चढते बरं का वर," असं काहीतरी माझ्या तोंडून गेलं. दुकानात सात-आठ लोक होते.

"पानावर मारल्यावर मुळातून कसं चढन?" मॅडम दारातूनच म्हणाल्या. "उडी मारन का खाली? परासरणनं दुकान टाकलं, पण वहनाचा धडा अजून याच्या डोक्यात गेला नाई. मधात कुठंतरी गाळ साचला हाये."

लोक पोट धरून हसले. तो शेतकरीही हसला. मी हसलो.

"मॅडमले पंप पाह्यजे," झिंगूजी म्हणाला.

दुकानात एकच पंप उभा होता. त्यानं मी आदल्या दिवशी दुकानामागच्या मोकळ्या जागेतल्या गाजरगवतावर टू-फोर-डी मारलं होतं. हे रुंद पानाचं तण मारायचं औषध. ज्वारीला, गव्हाला ते फारसं काही करत नाही, पण पऱ्हाटीला त्याचा पंपात उरलेला अंशसुद्धा पुरतो. असा पंप पऱ्हाटीसाठी वापरायचाच नसतो. वापरायचाच झाला तर धुण्याच्या सोड्यानं, तीन पाण्यांनी धुवायचा. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे बजावून सांगत असे. मी तो पंप एका पाण्यानंही धुतलेला नव्हता.

विसरलो होतो, असं मी चार वर्षं स्वतःलासुद्धा सांगत आलो. विसरलो नव्हतो. पंपाच्या पट्ट्याला हात लावला तेव्हा मला गाजरगवत आठवलं. "धुऊन घ्या" हे दोन शब्द जिभेवर आले. मागं कुणीतरी अजून खिदळत होतं, "उडी मारन का खाली!" मी जीभ आत घेतली.

"न्या," म्हणालो.

पंप दुसऱ्या दिवशी परत आला, स्वच्छ धुतलेला. मी स्वतःची समजूत घातली की त्यांनी आधीही धुतलाच असेल. मॅडम आहेत, तीन पाणी दिल्याशिवाय कशाला राहतात. पुढचे दहा-बारा दिवस मी त्यांच्या शेताच्या रस्त्यानं गेलो नाही.

मग मॅडम दुकानात आल्या. हातात पऱ्हाटीची फांदी. खालची पानं नेहमीसारखी रुंद, हिरवी. शेंड्याकडची पानं मात्र भेंडीच्या पानासारखी, लांब, बोटं फुटलेली, कुणीतरी मुठीतून ओढून काढल्यासारखी. पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, मिटून सुकलेल्या. मी पाहिलं आणि मला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती.

"सांग. काय आहे हे?"

"व्हायरस वाटते, मॅडम."

"व्हायरस." त्यांनी फांदी काउंटरवर ठेवली. "जुनी पानं चांगली, नवी वाकडी. म्हणजे जे काही आत गेलं, ते साखरेच्या वाटेनं गेलं. साखर जिथं वाढ चालू असते तिथं जाते, शेंड्यात. तिथं जाऊन साठलं. हे कुठं साठलं ते मला दिसलं. कशातून गेलं तेही कळलं." त्या पुस्तकी मराठीत बोलत होत्या, म्हणजे अजून चिडलेल्या नव्हत्या. आज वाटतं, त्या मला वाट करून देत होत्या. "आता कुठून निघालं, तेवढं तू सांग."

दुकानात लोक होते. दोघं-तिघं फांदीवर वाकून पाहत होते. एक जण म्हणाला, "हे त टू-फोर-डीचं काम दिसते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "तुमच्या झिंगूनं काहीतरी मिसळलं असंल. कुठल्या तरी डब्यातलं उरलेलं. या लोकाईले काय समजते औषधातलं."

मॅडमनी "जी" घातला नाही. नुसत्या पाहत राहिल्या. बारावीच्या प्रात्यक्षिकाला नळी उजेडात धरून पाहिलं होतं, तसं. मग फांदी तिथंच ठेवून निघून गेल्या.

आठवड्यानं निरोप आला, शेतात येऊन जा. मी गेलो. न जाण्यानं संशय वाढला असता. झिंगूजी विहिरीपाशी उभा होता, जवळ आला नाही. मॅडम मला विहिरीकडच्या पहिल्या ओळींपाशी घेऊन गेल्या. तिथं एकही धड शेंडा नव्हता. पुढच्या काही ओळींत पानं वाकडी, पण कमी. त्याच्या पुढच्या ओळींत बारकाईनं पाहिलं तरच दिसेल इतकं. आणि नंतर पार बांधापर्यंत निरोगी पऱ्हाटी, जणू काही झालंच नाही.

"झिंगूजींनी फवारणी विहिरीपासून सुरू केली. हा पहिल्या पंपाचा भाग. हा दुसऱ्या. हा तिसऱ्या. पुढं काही नाही. अर्क सगळीकडं एकाच पिपातला होता. अर्कात काही मिसळलं असतं तर सगळ्या ओळी सारख्या वाकड्या झाल्या असत्या." त्या थांबल्या. दम लागला होता, तेव्हापासूनच त्यांची तब्येत ढासळत होती बहुतेक. "तुमचा पंप माझ्या पऱ्हाटीनं धुतला, परसरामजी. तीन पाण्यांनी."

परसरामजी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. परासरण नाही, तू नाही. ज्या नावासाठी मी त्यांचा आयुष्यभर राग केला, ते नाव त्यांनी एका वाक्यात काढून घेतलं. मला हवं असलेलं नाव दिलं, आणि ते कानफटात बसल्यासारखं लागलं.

"मले काय माहीत मॅडम," मी म्हणालो. "पंप त धुतलाच होता."

"पऱ्हाटीचं मी पाहीन. त्या बांधाकडच्या ओळींतून बी धरता येईल. तुम्ही एक करा. ज्या लोकांसमोर झिंगूजींचं नाव घेतलं, त्याच लोकांसमोर ते धुऊन काढा. माझी माफी नको. मला काही नको."

मी हो म्हटलं. आणि केलं नाही. उद्या करू म्हटलं, पोळा होऊ दे म्हटलं, लोक विसरतील म्हटलं. लोक विसरले नाहीत. फवारणी करणाऱ्याचं सगळं नावावर चालतं. ज्याच्या हातात आपण आपलं पीक देतो, त्याच्या पिपात काय आहे हे कोण पाहत बसतं? त्या हंगामात झिंगूजींना कुणी बोलावलं नाही. पोरंसोरं "टू-फोर-डी" म्हणून हाक मारू लागली. एक जण माझ्या दुकानात उभा राहून दुसऱ्याला म्हणाला, "झिंगूले नोको सांगू बाप्पा, सगळी पऱ्हाटी भेंडी करून ठेवन." मी पावतीपुस्तक चाळत होतो. मान वर केली नाही. मॅडमचं काम झिंगूजी करत होता, पण एका अर्ध्या एकरावर घर चालत नाही. दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन आष्टीकडं आपल्या गावी निघून गेला.

मॅडम पुन्हा दुकानात आल्या नाहीत. बाजारात समोरासमोर आलो तर "नमस्कार, परसरामजी," असं म्हणून पुढं जात. तीन प्रश्नांमधला एकही मला परत कधी विचारला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी एकदाच भेटायला गेलो, तेही बायकोनं रेटलं म्हणून. मॅडम मशीनला जोडलेल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला समजावून सांगत होत्या, "घाबरू नका, वहिनी. यात जादू नाही. मधे एक पडदा आहे. तुमच्या रक्तात नको ते जास्त आहे, पलीकडच्या पाण्यात नाही. जास्तीकडून कमीकडे जातं ते. त्याला विसरण म्हणतात. पोरांना मी हेच अत्तराच्या बाटलीनं शिकवायची, आणि पडदा बटाट्यानं." ती बाई म्हणाली, "मले त बटाट्याच्या भाजीचंबी काही समजत नाई मॅडम, तुमी पडदा म्हनता." मॅडम हसल्या. मी त्यांना इतकं साधं हसताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडं वळल्या तेव्हा ते हसू गेलेलं होतं.

"झिंगूजींचं काम झालं का, परसरामजी?"

"जाऊ द्या ना मॅडम आता. तब्येत पाहा. तो विषय कशाले."

त्यांनी नळीतून जाणाऱ्या रक्ताकडे पाहिलं. "हे यंत्र बघा. नको ते बाहेर काढायला याला चार तास लागतात. तुमचं एका वाक्याचं काम होतं."

मी आणलेली संत्री स्टुलावर ठेवली. जिना उतरताना लक्षात आलं, या आजारात संत्री चालत नाहीत. ते त्यांना माहीत होतं. बोलल्या नाहीत.

हिवाळ्यात मॅडम गेल्या. तेराव्यानंतर त्यांचा भाचा दुकानात आला आणि एक कापडी पिशवी माझ्यापुढं ठेवली. तीच, बटाट्याची. आत पऱ्हाटीचं बी, आणि पिशवीच्या तोंडाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. फळ्यावरचं ते गोल, सुटं अक्षर. "झिंगूजींना देणे. परसरामजींनी स्वतः नेऊन देणे." भाचा म्हणाला, "मी पोस्टानं पाठवतो म्हटलं होतं, तर मावशी म्हणाली, नाही. कशातून जायचं ते ठरलं आहे."

पिशवी माझ्या दुकानात सव्वा महिना राहिली. पेरणीला वेळ आहे, असं मी म्हणत होतो. मग एका सकाळी मोटारसायकल काढली.

झिंगूजी घरापुढं कुंपणाला काट्या लावत होता. बायकोला त्यांच्या भाषेत काही बोलला, तिनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मी पिशवी दिली. त्यानं चिठ्ठी वाचून घेतली माझ्याकडून. मूठभर बी काढलं, तळहातावर पसरलं, नाकाशी नेलं.

"त्या दिवशी पंपाचा वास आलता मले," तो म्हणाला. "झाकण उघडलं आन् भपकन आला. म्या मॅडमले म्हटलं, मॅडम, पंप वास मारून राह्यला, धुवून घेतो. त मॅडम म्हने, कोनाचा पंप आहे? परासरणचा ना? मंग त्याले तीन पाणी देल्लेच असतीन. त्या एका गोष्टीसाठी म्या त्याचे मार्क कापले होते, तो मेला तरी तिसरं पाणी इसरनार नाई. टाक अर्क." त्यानं बी पिशवीत परत घातलं, एक एक वेचून. "म्या बी मंग काई म्हटलं नाई. मॅडम कोनाच्या भरवशावर असं कधी बोलत नोहत्या."

तांब्यातलं पाणी तसंच होतं.

"आता तुमीच सांगा, भाऊ. धुतलता का?"

"नाही."

"इसरलते?"

"नाही. पंप देताना मला आठवलं होतं. मुद्दाम बोललो नाही. आणि नंतर तुमचं नाव घेतलं, तेही मुद्दाम."

झिंगूजींनी मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. "हे मले काऊन सांगून राह्यले?" तो म्हणाला. "मले त पयल्या दिवशीपासून माहीत हाय. सेलूत सांगा." आणि उठून कुंपणाकडे गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, दुकान भरलेलं असताना, मी सांगितलं. चार वर्षांपूर्वी जे तिथं होते, त्यांच्यातले निम्मे तरी होते. पंप कुणाचा, त्यात काय होतं, मला केव्हा आठवलं, सगळं. माझा आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी "काय म्हनते, काय म्हनते?" असं विचारलं, तेव्हा पुन्हा सांगावं लागलं. कुणी म्हणालं, "जाऊ द्या ना भाऊ, मॅडम बी गेल्या." एक म्हातारा औषध न घेताच उठून गेला. जे त्या दिवशी आले नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

त्या गर्दीत एक जण पंप मागायला आलेला होता. जुनं गिऱ्हाईक, माझ्या दुकानातलं काहीही त्यानं आजवर उलटून पाहिलेलं नव्हतं. मी पंप पुढं केला. त्यानं झाकण उघडलं आणि आत नाक घालून वास घेतला, माझ्यासमोर. वास नव्हता. पंप मी सकाळीच धुतला होता.

तरी तो बाहेर नळावर गेला आणि धुवायला बसला. मी काउंटरवरून मोजत होतो. एक. दोन. मग त्यानं पंप पुन्हा भरला.